दीर्घायुष्याचे दावे आणि जास्त जगण्याची आशा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दीर्घायुष्याचा विषय निघाला की तेच प्रश्न फिरून फिरून येतात. ते विचारणाऱ्यांच्याच शब्दांत खाली दिले आहेत. सोपे प्रश्न आधी आणि अडचणीचे नंतर घेतले आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. वय म्हणजे दोन तारखांमधलं अंतर. मृत्यूच्या तारखेला साक्षीदार भरपूर असतात. जन्माच्या तारखेचा साक्षीदार मात्र शंभर वर्षांनी एकही उरत नाही, उरलाच तर कागद उरतो. म्हणून खालची बरीच उत्तरं कागदापाशी येऊन थांबतात.

१. आजवर सर्वांत जास्त कोण जगलं?

कागदोपत्री सिद्ध झालेलं सर्वांत मोठं वय फ्रान्समधल्या आर्ल गावच्या जान काल्माँ यांचं आहे. जन्म २१ फेब्रुवारी १८७५, मृत्यू ४ ऑगस्ट १९९७, म्हणजे १२२ वर्षं १६४ दिवस. त्यांच्या खालोखाल जपानच्या काने तनाका (११९ वर्षं १०७ दिवस) आणि अमेरिकेच्या सारा नाउस (११९ वर्षं ९७ दिवस). १२० ओलांडलेली, पुराव्यानं मान्य झालेली व्यक्ती जगात एकच, काल्माँबाई.

त्यांची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. १९६५ साली त्या ९० वर्षांच्या असताना एका वकिलानं त्यांच्या घराचा सौदा केला. त्यानं त्यांना दरमहा २,५०० फ्रँक द्यायचे आणि त्यांच्या पश्चात घर त्याचं व्हायचं, असं ठरलं. वकील तेव्हा ४७ वर्षांचा होता. तीस वर्षं तो पैसे भरत राहिला आणि १९९५ मध्ये तोच आधी गेला. पुढचे हप्ते त्याच्या घरच्यांनी भरले. नव्वदीतल्या बाईचं आयुष्य आता किती उरलं असेल, हा हिशेब वकिलानं सरासरी धरून मांडला होता. सरासरीच्या पलीकडे कोणी कुठवर जाऊ शकतं, हे त्या घरानं दाखवलं.

२. आणि पुरुषांमध्ये?

जपानचे जिरोएमोन किमुरा, ११६ वर्षं ५४ दिवस. ते २०१३ मध्ये गेले. ११० पार केलेल्या दर दहा जणांत साधारण नऊ बायका असतात. जन्मापासून प्रत्येक वयात पुरुषांचा मृत्युदर थोडा जास्त असतो. तो थोडाथोडा फरक शंभर वर्षं साचत जातो आणि टोकाला जवळपास बायकाच उरतात. यामागे संप्रेरकं, दोन एक्स गुणसूत्रं, व्यसनं आणि धोक्याची कामं अशी बरीच कारणं आहेत. त्यांतलं कुठलंही एक पुरेसं नाही.

३. पूर्वीची माणसं आपल्यापेक्षा जास्त जगायची ना? मग सरासरी आयुर्मान ३०-३५ होतं असं का म्हणतात?

दोन्ही बाजूंनी गैरसमज आहे. सरासरी ३५ होती याचा अर्थ पस्तिशीत माणसं म्हातारी होऊन मरायची, असा नाही. लहान मुलं फार मोठ्या संख्येनं दगावत आणि त्यामुळे सरासरी खाली येई. बालपण आणि बाळंतपण निभावलं की साठी-सत्तरी गाठणारे तेव्हाही होते, ऐंशीचेही होते. पण ते आपल्यापेक्षा जास्त जगत, हे खरं नाही. ११० पूर्ण केलेली, पुराव्यानिशी मान्य असलेली सर्वांत जुनी व्यक्ती म्हणजे नेदरलँड्सचे हेर्ट आद्रियान्स बोमखार्ड. जन्म १७८८, मृत्यू १८९९. त्याआधीचा एकही दावा तपासणीत टिकलेला नाही.

सरासरी किती वाढली तेही पाहा. १८४० च्या सुमारास जगात सर्वाधिक आयुर्मान स्वीडनच्या स्त्रियांचं होतं, सुमारे ४५ वर्षं. २००० साली पहिल्या क्रमांकावर असलेल्या जपानी स्त्रियांचं आयुर्मान ८५ च्या आसपास पोहोचलं होतं. माणसाला इतकी मोठी देणगी दुसरी कुठली मिळाली असेल असं मला वाटत नाही. ही वाढ प्रामुख्यानं स्वच्छ पाणी, लस, सांडपाण्याची सोय, प्रतिजैविकं आणि पोटभर अन्न यांमुळे झाली. कुठल्याही संजीवनीचा त्यात हात नाही.

४. धर्मग्रंथांत हजार वर्षं जगलेल्यांची नावं आहेत. त्यात काहीच तथ्य नाही का?

त्या आकड्यांकडे वय म्हणून पाहू नये. बायबलमधला मथुशलह ९६९ वर्षं जगला असं सांगितलं आहे. प्राचीन इराकातल्या सुमेरच्या राजावळीत पहिल्या राजाची, अलुलिमची, नुसती कारकीर्दच २८,८०० वर्षांची आहे. जितकं मागे जावं तितकी माणसं थोर आणि त्यांची वर्षं जास्त, ही जुन्या वंशावळींची रीतच आहे.

काही जण म्हणतात की तेव्हा महिन्यालाच वर्ष म्हणत असावेत. ९६९ चांद्रमास म्हणजे ७८ वर्षं, हे पटण्याजोगं वाटतं. पण त्याच यादीत मथुशलहाचा बाप हनोख ६५ व्या वर्षी बाप झाला असं आहे. महिन्यांचं गणित त्याला लावलं तर तो पाच वर्षांचा भरतो. तेव्हा ही पळवाट चालत नाही.

मला जास्त मोलाचं वाटतं ते वेगळंच. त्याच परंपरांमध्ये स्वतःसाठी मागताना माणसं फार समंजस होती. बायबलच्या स्तोत्रात माणसाचं आयुष्य सत्तर, फार तर ऐंशी वर्षांचं म्हटलं आहे. वेदातली प्रार्थनाही ‘जीवेम शरदः शतम्’ एवढीच आहे. पुराणपुरुषांना हजारो वर्षं देणाऱ्यांनी स्वतःसाठी शंभरच मागितली.

५. इंग्लंडचा थॉमस पार १५२ वर्षं जगला आणि त्याचं शवविच्छेदन खुद्द विल्यम हार्वेनं केलं, असं वाचलं. मग हा तर वैद्यकीय पुरावा झाला?

शवविच्छेदन खरोखर झालं. रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या हार्वेनंच १६३५ च्या नोव्हेंबरात ते केलं आणि पारला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पुरलं, हेही खरं. एका उमरावानं त्या आंधळ्या म्हाताऱ्याला खेड्यातून लंडनला आणून राजापुढे उभं केलं होतं. काही आठवड्यांतच तो वारला. हार्वेला त्याची आतली इंद्रियं चांगल्या स्थितीत आढळली. लंडनची धुरकट हवा आणि सवय नसलेलं भारी जेवण बाधलं, असं त्याचं मत पडलं.

पण १५२ हा आकडा हार्वेनं तपासलाच नाही. तो त्याला सांगितला गेला आणि त्यानं तो खरा धरला. शरीर चिरून वय वर्षांत मोजता येत नाही, आजही नाही. पारचा जन्म १४८३ चा सांगत आणि इंग्लंडमध्ये चर्चच्या जन्म-मृत्यू नोंदवह्या सुरू झाल्या १५३८ साली. १६९ वर्षं जगल्याचं सांगितला जाणारा हेन्री जेन्किन्सही स्वतःचा जन्म १५०० च्या सुमाराचाच सांगायचा. दोन्ही दावे नोंदवही उघडण्याच्या आधी सुरू होतात, हे लक्षात घ्या. असे दावे एकोणिसाव्या शतकात कठोरपणे तपासणारा पहिला माणूस म्हणजे विल्यम थॉम्स. ‘लोकवाङ्मय’ या अर्थाचा ‘फोकलोर’ हा इंग्रजी शब्दही त्याचाच. लोककथा कशी वाढत जाते हे ओळखणाऱ्यालाच वयंही कशी वाढतात ते दिसावं, हे मला फार स्वाभाविक वाटतं.

६. कॉकेशसच्या डोंगरात दीडशे-दीडशे वर्षांची माणसं होती, हेही खोटंच का?

माणसं खरी होती, म्हातारी होती आणि पुष्कळशी काटकही होती. वयं खरी नव्हती. अझरबैजानचा शिराली मुस्लिमोव १९७३ मध्ये वारला तेव्हा तो १६८ वर्षांचा असल्याचं जाहीर झालं. त्याच्याआधी, १९५६ मध्ये, अझरबैजानच्याच महमूद आयवाझोवचं तो १४८ वर्षांचा असल्याचं सांगून सोव्हिएत सरकारनं त्याच्या हयातीतच टपाल तिकीट काढलं होतं. देश सोडलेले सोव्हिएत जीवशास्त्रज्ञ झोरेस मेदवेदेव यांनी १९७४ मध्ये यामागची कारणं मांडली. जन्मनोंदी नव्हत्या. पहिल्या महायुद्धात सैन्यभरती टाळण्यासाठी तरुणांनी वडिलांची कागदपत्रं वापरली होती. गावात वयाला मान होता. शिवाय स्टालिन मूळचा कॉकेशसमधल्याच जॉर्जियाचा, त्यामुळे तिथली माणसं दीर्घायुषी असतात या गोष्टीला वरून उत्तेजनच मिळालं.

इक्वेडोरच्या विल्काबांबा खोऱ्याची कथा याहून बोलकी आहे. १९७० च्या दशकात तिथल्या शतायुषींची जगभर वाहवा झाली. पुढे मॅझेस आणि फोरमन या संशोधकांनी चर्चच्या नोंदी एकेक करून लावल्या. शंभरी पार केलेलं एकही माणूस निघालं नाही. शंभरच्या वर सांगणाऱ्यांचं खरं सरासरी वय ८६ च्या आसपास भरलं. सत्तरीनंतर माणसं दर पाच वर्षांनी स्वतःच्या वयात पाचापेक्षा बरीच जास्त वर्षं मिळवत होती.

७. चीनचे ली चिंग-युएन २५६ वर्षं जगले म्हणतात. योगी, वैदू, सिद्धपुरुषांचं वेगळं नसतं का?

ली १९३३ मध्ये वारले एवढं नक्की. जन्माची दोन वर्षं सांगितली जातात, १६७७ आणि १७३६. त्यांच्यात ५९ वर्षांचा फरक आहे, एवढ्यावरूनच दाव्याची अवस्था कळते. साधनेनं मन शांत राहतं, शरीर बरं राहतं, याबद्दल मला आदर आहे. पण जन्मतारीख साधनेनं मागे सरकत नाही आणि सिद्धपुरुषाच्या वयालाही तोच कागद लागतो.

८. पण लोक एवढं खोटं का बोलतील?

बहुतेक जण खोटं बोलतच नाहीत. ज्याला जन्मवर्ष कुणी सांगितलंच नाही, तो अंदाज करतो. अंदाज शून्यावर किंवा पाचावर येऊन थांबतो. म्हणून ज्या समाजात नोंदी नसतात तिथल्या जनगणनेत ६०, ६५, ७० वर्षांचे उदंड आणि ६१, ६७ वर्षांचे जेमतेम दिसतात. उतारवयात कौतुक होऊ लागलं की आकडा चढतो. काही ठिकाणी पेन्शन, जमीन किंवा सैन्यभरतीचा प्रश्न असतो. कधी आधीचं मूल दगावलेलं असतं आणि पुढच्याला तेच नाव ठेवतात, मग मोठ्याचा दाखला धाकट्याला चिकटतो. कॅनडातल्या पिएर जूबेर यांचं वय ११३ धरलं जाई. तिथे बाप आणि मुलगा या एकाच नावाच्या दोन माणसांचं एक आयुष्य झालं होतं.

इथे एक हिशेब मनात ठेवावा. समजा, एका प्रदेशात ८५ वर्षांची १०,००० माणसं आहेत आणि त्यांतल्या शंभरात एकाचं वय चुकून १०५ लिहिलं गेलं. झाल्या १०० खोट्या नोंदी. खरोखर १०५ वर्षांचे तिथे पाच-सहाच असतील. म्हणजे ९९ टक्के नोंदी बरोबर असूनही सर्वांत वरच्या वयोगटात बहुतेक सगळ्या चुकाच दिसतील. पुढच्या बऱ्याच उत्तरांना हा हिशेब लागणार आहे.

९. सरकारी ओळखपत्रावर जन्मतारीख छापलेली असली तरी पुरावा नाही?

कार्ड कधी काढलं आणि तारीख कशावरून लिहिली, हे विचारायचं. इंडोनेशियाचे म्बाह गोथो २०१७ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या ओळखपत्रावर ३१ डिसेंबर १८७० ही तारीख होती, म्हणजे वय १४६. पण तिथे जन्मनोंदी १९०० च्या सुमारास सुरू झाल्या. म्हातारपणी तोंडी सांगितलेली तारीख पक्क्या शाईत छापली म्हणून पक्की होत नाही. वर्षाचा पहिला किंवा शेवटचा दिवस जन्मतारीख म्हणून दिसला, तर तो अंदाज असण्याची शंका घ्यावी.

१०. मग ‘पडताळणी’ करतात म्हणजे नेमकं काय करतात?

तीन टप्प्यांचे कागद जुळवतात. पहिला टप्पा जन्माचा, शक्यतो जन्मानंतर लगेच केलेल्या नोंदीचा. दुसरा मधल्या आयुष्याचा: बालपणीची जनगणना, शाळा, लग्न, मुलांचे जन्म. तिसरा मृत्यूचा किंवा सध्याच्या ओळखीचा. मधला टप्पा सर्वांत महत्त्वाचा. १८७५ मध्ये जन्मलेलं बाळ आणि १९९७ मध्ये वारलेली आजी ही एकच व्यक्ती आहे, हे मधल्या नोंदीच सांगतात. जेरोंटॉलॉजी रिसर्च ग्रुपसारख्या संस्था हे काम करतात.

११. काल्माँबाई खरं तर त्यांची मुलगी होती असं निघालं ना?

निघालं नाही, तशी शंका घेतली गेली. २०१८ मध्ये रशियन गणितज्ञ निकोलाय झाक यांनी मांडलं की १९३४ मध्ये वारली ती आई आणि वारसाकर वाचवण्यासाठी मुलगी इवॉन आईच्या नावानं जगत राहिली. शंका घेणं गैर नव्हतं, कारण बाईंचं वय बाकीच्यांपेक्षा फारच पुढे आहे. पण वय पडताळणाऱ्या संशोधकांनी २०१९ मध्ये नोंदी पुन्हा मांडल्या. लहानपणापासूनच्या जनगणना, लग्न, अंत्यविधी, सगळे कागद एकमेकांना जुळतात. आर्ल हे छोटं गाव आणि काल्माँ कुटुंब तिथलं नावाजलेलं. ३६ वर्षांची मुलगी ५९ वर्षांची आई बनून त्याच ओळखीच्या माणसांत वावरली आणि नवरा, जावई, पाहुणे, शेजारी सगळे गप्प राहिले, असं मानावं लागतं. मला ते मानणं जड जातं. बहुतेक अभ्यासकही विक्रम खरा धरतात.

१२. गिनीजनं मान्य केलं की विषय संपला, असं समजायचं का?

नाही. जपानचे शिगेचियो इझुमी १९८६ मध्ये वारले. त्यांचं १२० वर्षं हे वय गिनीजनं मान्य केलं होतं, पण नंतर ते मागे घेण्यात आलं. ती जन्मनोंद त्यांच्या वारलेल्या मोठ्या भावाची असावी, असा संशय आहे. (एकच नाव दोघांना ठेवण्याबद्दल प्रश्न ८ पाहा.) अमेरिकेच्या कॅरी व्हाइट यांचं वयही असंच आधी मान्य आणि पुढे अमान्य झालं. नवा कागद सापडला तर जुना निकाल बदलावा लागतो आणि तो बदलला जातो, ही पद्धतीची ताकद आहे.

१३. जपानमध्ये लाखो शतायुषी ‘गायब’ निघाले, मग तिथले आकडे कसे मानायचे?

२०१० च्या जुलैत टोकियोत अधिकारी सोगेन कातो यांच्याकडे गेले. नोंदीप्रमाणे ते १११ वर्षांचे, शहरातले सर्वांत वृद्ध पुरुष. खोलीत अंथरुणावर त्यांचा वाळलेला देह होता. आसपासची वर्तमानपत्रं १९७८ ची होती. तीस वर्षांहून जास्त काळ ते कागदावर जगत होते आणि घरचे पेन्शन घेत होते. मग देशभर तपासणी झाली. कुटुंबनोंदणीत शंभरी ओलांडलेली, पण ठावठिकाणा नसलेली २,३४,३५४ नावं निघाली. त्यांतली ८८४ तर १५० च्या वरची होती.

पण याचा अर्थ नीट घ्यायला हवा. यांतली बहुतेक नावं युद्धात, स्थलांतरात हरवलेल्या माणसांची होती, ज्यांचा मृत्यू कुणी कळवलाच नाही. शतायुषींची संख्या आणि सरासरी आयुर्मान काढतात ते जनगणना आणि रहिवासी नोंदीवरून, या जुन्या कुटुंबनोंदीवरून नाही. जपानी माणसं दीर्घायुषी आहेत हे खरंच आहे. सर्वांत वरच्या वयातल्या नोंदी मात्र एकेक करून तपासायला हव्यात.

१४. ‘ब्लू झोन’ खरे की नुसता गाजावाजा?

ब्लू झोन म्हणजे जिथली माणसं विलक्षण दीर्घायुषी असतात असं म्हणतात ते प्रदेश. हे नाव इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या संशोधनातून आलं. पेस आणि पुलाँ या अभ्यासकांनी शतायुषींची गावं नकाशावर निळ्या शाईनं खुणावली होती. सार्डिनियाच्या डोंगराळ भागातल्या नोंदी बारकाईनं तपासलेल्या आहेत आणि तिथले शतायुषी पुरुष ही खरी, अभ्यासण्याजोगी गोष्ट आहे. पुढे ओकिनावा (जपान), निकोया (कोस्टा रिका), इकारिया (ग्रीस) आणि लोमा लिंडा (अमेरिका) ही नावं जोडली गेली आणि विषय बाजारात गेला.

सॉल न्यूमन या संशोधकानं यावर जोरदार आक्षेप घेतला. त्यासाठी त्यांना २०२४ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. अमेरिकेच्या राज्यांत जन्मदाखले सक्तीचे झाल्यावर ११० पार केलेल्यांच्या नोंदी ६९ ते ८२ टक्क्यांनी घटल्या, हे त्यांनी दाखवलं. हा धक्का गरजेचा होता. तरी सगळ्या ठिकाणांना एकच माप लावणं मला पटत नाही. ओकिनावाच्या पुष्कळ मूळ नोंदी १९४५ च्या लढाईत जळाल्या, सार्डिनियाच्या शाबूत आहेत. शिवाय ही ठिकाणं कायमची नसतात. ओकिनावाचे पुरुष २००० साली जपानच्या ४७ प्रांतांत २६ व्या क्रमांकावर घसरले होते.

१५. आमच्या नात्यातल्या आजी ११३ वर्षांच्या आहेत असं सगळे म्हणतात. घरच्या घरी कसं तपासू?

आधी आजींना वय विचारू नका. मुलं किती झाली, कोणत्या क्रमानं झाली, कोण जगलं, ते विचारा. मग सर्वांत धाकट्या मुलाचा खरा दाखला पाहा. तो आज ५० वर्षांचा असेल आणि आजी ११३ च्या असतील, तर तो त्यांच्या ६३ व्या वर्षी झाला असं होतं. नैसर्गिकरीत्या पन्नाशीनंतर मूल होणं फारच दुर्मीळ, त्यामुळे आजींचं वय पंधरा-वीस वर्षं जास्त धरलंय हे लगेच कळतं. थोरल्या मुलाकडूनही हिशेब लावा. पहिलं मूल चाळिशीत झालं असं निघत असेल, तर तसं होण्याचं कारण घरात कुणाला तरी ठाऊक असेल.

भावंडांची वयं पाहा. त्यांच्याआधी त्याच नावाचं मूल दगावलं होतं का, विचारा. म्हातारपणी काढलेल्या दहा कागदांपेक्षा तरुणपणी लिहिलेला एक जीर्ण कागद मोलाचा. वय ९६ निघालं तर वाईट वाटून घेऊ नका. ९६ हे मोठंच वय आहे आणि ते त्यांचं स्वतःचं आहे.

१६. माणसाच्या आयुष्याला पक्की मर्यादा आहे का?

यावर खरा वाद चालू आहे. १८२५ मध्ये बेंजामिन गोम्पर्त्झ यांनी दाखवलं की प्रौढ वयात मृत्यूचा धोका ठरावीक काळानं दुप्पट होत जातो. आजच्या आकड्यांत तो काळ सुमारे आठ वर्षांचा आहे. याचा एक अर्थ मनाला फार चटका लावतो. उद्या प्रत्येक वयातला मृत्यूचा धोका अर्ध्यावर आणला, तरी सरासरी आयुष्य जेमतेम आठ वर्षांनीच वाढेल.

१०५ च्या पुढे हा चढ थांबतो असं इटलीतल्या नोंदींवर आधारलेल्या २०१८ च्या अभ्यासात दिसलं. तिथे दर वर्षी साधारण निम्मी माणसं जातात. म्हणजे ११० वर्षांची हजार माणसं घ्या. १११ ला ५००, ११२ ला २५०, ११३ ला १२५, ११५ ला ३१, ११७ ला ८ आणि १२० ला एखादंच. भिंत कुठेच नाही, पण दर वर्षी नाणं फेकायचं आणि दर वर्षी छापच पडायला हवा. १२० जवळपास रिकामं का, हे यावरून कळतं. २०१६ मध्ये यान वेख आणि सहकाऱ्यांनी ११५ च्या आसपास नैसर्गिक मर्यादा असल्याचं मांडलं, पण त्यांच्या आकडेमोडीवर बरीच टीका झाली.

१७. कॅन्सरवर पूर्ण इलाज निघाला तर आपण शंभरी सहज गाठू ना?

नाही. कॅन्सर पूर्ण नाहीसा झाला तरी सरासरी आयुर्मान तीनेक वर्षांनीच वाढेल, असा हिशेब आहे. ऐंशीच्या घरात एका आजारातून वाचलेल्याला दुसरा गाठतो. म्हणून कित्येक संशोधक आता एकेका रोगाऐवजी वार्धक्याच्या मूळ प्रक्रियेवर काम करतात. (औषधांबद्दल प्रश्न २० पाहा.)

१८. शतायुषींना रहस्य विचारलं तर कुणी चॉकलेट सांगतं, कुणी उपास. कुणाचं ऐकायचं?

कुणाचंच नाही. काल्माँबाईंनी जवळपास ११७ व्या वर्षापर्यंत सिगारेट ओढली. याचा अर्थ सिगारेट ओढूनही त्या जगल्या, एवढाच. त्याच सवयीच्या ज्या बायका साठीत गेल्या, त्यांना रहस्य विचारायला कुणी जात नाही. जे उरले फक्त त्यांनाच विचारलं की असं होतं.

१९. घराण्यात दीर्घायुष्य असेल तर मलाही मिळेल?

थोडाफार लाभ मिळतो. जुळ्यांच्या अभ्यासांत आयुष्यातल्या फरकांपैकी सुमारे पाव हिस्सा आनुवंशिकतेचा धरला गेला. हा आकडा किती, यावर मतभेद आहेत. पण ऐंशीपर्यंत सवयींचं पारडं जड आणि शंभरीच्या पुढे जनुकांचं, असं साधारण चित्र आहे. शतायुषींच्या भावंडांनाही शंभरी गाठण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. एपीओई आणि फॉक्सओथ्री ही जनुकं पुन्हा पुन्हा समोर येतात.

२०. वार्धक्य थांबवणारं औषध आहे का?

माणसाचं आयुष्य वाढवतं असं सिद्ध झालेलं एकही औषध आज नाही. आशा मात्र पोकळ नाही. १९९३ मध्ये सिंथिया केन्यन यांनी एका सूक्ष्म कृमीच्या एकाच जनुकात बदल करून त्याचं आयुष्य दुप्पट केलेलं दाखवलं. वार्धक्याचा वेग बदलता येतो, हे त्यातून पक्कं झालं.

सर्वांत भक्कम उमेदवार रॅपामायसिन. ते ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. मातीचे नमुने १९६४ च्या मोहिमेत गोळा केले होते आणि बेटाच्या ‘रापा नुई’ या नावावरूनच औषधाचं नाव पडलं. २००९ मध्ये तीन प्रयोगशाळांनी एकाच वेळी ते ६०० दिवसांच्या, म्हणजे आपल्या साठीच्या वयाच्या, उंदरांना दिलं. माद्यांचं आयुष्य सुमारे १४ टक्क्यांनी आणि नरांचं ९ टक्क्यांनी वाढलं. पण माणसात हे औषध अवयव-रोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबायला देतात. तोंडात फोड येणं, जंतुसंसर्ग, रक्तातली चरबी वाढणं हे त्याचे ज्ञात त्रास आहेत. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं जुनं, स्वस्त औषध. त्याच्याबद्दलची आशा मुख्यतः निरीक्षणांवर उभी आहे. निकामी झालेल्या म्हाताऱ्या पेशी काढून टाकणाऱ्या औषधांचे उंदरांवरचे निकाल चांगले आहेत, माणसांवरचे प्रयोग अजून लहान आहेत.

यांतलं काहीही डॉक्टरांशिवाय, ऐकीव माहितीवर घेऊ नका. कळकळीनं सांगतोय.

२१. कमी खाल्ल्यानं आयुष्य वाढतं हे तरी सिद्ध आहे ना?

उंदरांत आहे, १९३५ पासून. माकडांत गोंधळ आहे. विस्कॉन्सिनच्या प्रयोगात कमी खाणारी माकडं जास्त जगली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या प्रयोगात, २०१२ च्या अहवालानुसार, आयुष्यात फरक पडला नाही. नंतर दोन्ही गटांनी एकत्र बसून ताडून पाहिलं, तेव्हा आहाराची प्रत, तुलनेच्या माकडांना मिळणारं अन्न आणि सुरुवातीचं वय यांत मोठे फरक निघाले. म्हणजे अति खाणाऱ्यांशी तुलना केली तर कमी खाणं सरस ठरतं. माणसांवरच्या दोन वर्षांच्या प्रयोगात २५ टक्के कपातीचं लक्ष्य होतं, प्रत्यक्षात १२ टक्क्यांच्या आसपास जमली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल सुधारले. आयुष्य वाढलं का, हे दोन वर्षांत कळणं शक्यच नव्हतं. वयस्कांनी तर जपूनच राहावं. उतारवयात वजन आणि स्नायू घटणं धोक्याचं असतं.

२२. तरुणांचं रक्त, टेलोमिअर वाढवणाऱ्या गोळ्या, पेशी ‘रीसेट’ करणं, यांचं काय?

तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. तरुणांचा रक्तद्रव टोचून घेण्याबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१९ मध्येच इशारा दिला: फायदा सिद्ध नाही, धोका आहे. टेलोमिअर म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांवरची संरक्षक टोपणं; त्यांचं संशोधन नोबेलप्राप्त आहे, पण टेलोमिअर कृत्रिमरीत्या लांबवले की कॅन्सरच्या पेशींचंही फावू शकतं, त्यामुळे गोळ्यांच्या जाहिराती विसरून जा. पेशी ‘रीसेट’ करण्याची कल्पना मात्र खरोखर थक्क करणारी आहे. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी चार घटक घालून प्रौढ पेशीला भ्रूणासारख्या अवस्थेत परत नेलं. ते पूर्ण केलं तर पेशी आपलं काम विसरते आणि गाठी होतात. अर्ध्या वाटेवर थांबवता येईल का, यावर उंदरांत काम चालू आहे.

२३. मग आज, या घडीला, काय केलं तर वर्षं वाढतात?

ज्याचा आकडा हातात आहे असं एक सांगतो. रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षं माग काढला. धूम्रपान करणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. पण तिशीत सोडणाऱ्यांनी ती जवळपास दहाही वर्षं परत मिळवली, चाळिशीत सोडणाऱ्यांनी नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीत सोडूनही तीन. साठीतली ती तीन वर्षं कॅन्सर संपूर्ण नाहीसा होण्याइतकी आहेत. (प्रश्न १७ शी ताडून पाहा.) रक्तदाब आटोक्यात ठेवणं, चालतं-फिरतं राहणं, लस, साखरेवर लक्ष हे सगळं तुम्हाला माहीत आहे, म्हणून लांबवत नाही.

२४. १५० वर्षं जगणारं माणूस जन्माला आलं आहे का?

यावर दोन शास्त्रज्ञांची पैज लागलेली आहे. स्टीव्हन ऑस्टॅड म्हणतात आलं आहे, ओल्शान्स्की म्हणतात नाही. शतक बदलताना दोघांनी १५०-१५० डॉलर गुंतवले आणि पुढे रक्कम दुप्पट केली. २१५० पर्यंत तिचे कोट्यवधी व्हावेत अशी अपेक्षा आहे. तोवर कुणी १५० गाठली तर पैसे ऑस्टॅडच्या वारसांना, नाहीतर ओल्शान्स्कींच्या. ती व्यक्ती मनानं शाबूत असायला हवी, अशीही अट आहे.

मी ओल्शान्स्कींकडे झुकतो. १९९० नंतर सर्वांत दीर्घायुषी देशांतही आयुर्मानाची वाढ मंदावल्याचं त्यांच्या २०२४ च्या अभ्यासात दिसलं. १५० गाठायला काल्माँबाईंच्या पुढे आणखी जवळपास २८ वर्षं जावं लागेल आणि त्यांच्या आसपासही अजून कुणी पोहोचलेलं नाही. पण मी हरलो तर मला आनंदच होईल. जिंकणारं माणूस असेलच, तर ते आज तरुण आहे आणि पारच्या उलट त्याची जन्मनोंद जन्मल्यावर काही दिवसांतच कुठल्यातरी नोंदवहीत झालेली आहे.